‘दूध पुरत नाही’ म्हणण्याआधी लंगोट मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्टचा पहिला आठवडा जागतिक स्तनपान सप्ताह असतो. त्या दिवसांत प्रसूतिगृहांच्या भिंतींवर ‘आईचे दूध अमृत’ असे फलक लागतात. वाक्य खरेच आहे. पण बाळंतीण घरी येते, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री दोन वाजता बाळ रडायचे थांबत नाही, आणि दाराशी उभे राहून कोणीतरी म्हणते, “हिला दूधच पुरत नाही.” त्या घटकेला फलक कामाला येत नाही. दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरत नाही, छाती भरलेली दिसते की नाही यावरूनही नाही. ते बाळाच्या लंगोटावरून ठरते, आणि लंगोट मोजता येतात. बाळंतिणींना अंगावर पाजायला मदत करणे हेच आमचे काम आहे. म्हणून हे जरा तपशिलात लिहीत आहोत.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, आणि अगदी थोडा. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम चहाचा चमचाभर चीक पिते, कारण त्याच्या पोटाला तेवढाच लागतो. या चिकामुळे बाळाची पहिली काळी शी लवकर साफ होते आणि आईच्या शरीरातली रोगप्रतिकारक द्रव्ये त्याला मिळतात. त्यामुळे ‘पहिले दूध पिळून टाकायचे’ ही रीत जिथे अजून आहे तिथे ती थांबायला हवी. पातळ, भरपूर दूध साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उतरते. सिझेरियन झाले असेल तर कधी एखादा दिवस उशीर होतो. तोवर छाती मऊ राहणे हे दूध नसल्याचे लक्षण नव्हे.

दुसरी रात्र बहुतेक घरांत अवघड जाते. बाळ तासातासाला, कधी अर्ध्या तासाला अंगावर मागते. दूध तयार होण्याचा नियम साधा आहे: जितके बाहेर निघेल तितके नवे बनेल. दूध बनवणारे संप्रेरक रात्रीच्या पाजण्याने जास्त स्रवते, म्हणून बाळाची ती रात्रीची मागणी पुढच्या दिवसांच्या दुधाची तयारी असते. नेमक्या त्याच रात्री घाबरून पावडरीची बाटली दिली तर बाळ चार तास झोपते आणि घरही झोपते, पण छातीपर्यंत मागणी पोचतच नाही. अशा तीन-चार रात्री गेल्या की दूध खरोखर कमी होते. मग आपलेच म्हणणे खरे ठरले असे सगळ्यांना वाटते. दूध कमी पडण्याच्या कितीतरी तक्रारींची सुरुवात अशी झालेली असते.

आता मोजणी. पहिल्या दिवशी शूचा एक लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. पाचव्या-सहाव्या दिवसापासून 24 तासांत निदान 6 चांगले ओले लंगोट, शू फिकट. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसला तर चालतो; चौथ्या दिवसानंतरही दिसत राहिला तर दूध कमी जाते आहे असे समजून दाखवायला जावे. शीचा रंगही सांगतो: आधी डांबरासारखी काळी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत मोहरीच्या रंगाची, पातळ, दाणेदार. ती पातळ पिवळी शी पाहून पुष्कळ घरांत ‘जुलाब लागले’ म्हणून औषध आणले जाते. अंगावरच्या दुधाची शी अशीच असते, दिवसातून तीन-चार वेळा किंवा त्याहून जास्तही होते. डायपर वापरत असाल तर शू किती झाली ते कळत नाही, तो सगळे शोषून घेतो. पहिले दहा दिवस जुन्या मऊ सुती कापडाचे लंगोट वापरावेत हे उत्तम. नाहीतर कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून तो हातात धरून पाहावा. चांगला ओला डायपर तेवढा जड लागतो.

वजनाचेही असेच. जन्मानंतर बाळाचे वजन आधी घटते. 3 किलोच्या बाळाचे 200 ग्रॅम कमी झाले म्हणून धक्का बसू नये, पण घट 10 टक्क्यांवर गेली, म्हणजे काटा 2700 च्या खाली आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जन्माचे वजन परत यायला हवे, म्हणजे बारशाच्या आसपास. नावाच्या तयारीत एक फेरी वजनकाट्याकडेही व्हावी. पुढे दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढ चांगली. काटा तोच असावा आणि बाळ उघडे असावे. एकदा स्वेटर-टोपडे घालून आणि एकदा काढून केलेल्या वजनावरून काही कळत नाही.

आता पाचवीविषयी, आणि हे आम्ही मुद्दाम लांबवून लिहितो. पाचवीची पूजा नेमकी त्या दिवसांत येते जेव्हा दूध भरभरून उतरत असते. घरात माणसे जमतात, बाळ या हातातून त्या हातात जाते, दमून झोपते आणि दोन-तीन वेळचे पाजणे हुकते. संध्याकाळपर्यंत छाती दगडासारखी होते, स्तनाग्र ताणून सपाट होते, बाळाच्या तोंडात ते धरले जात नाही. बाळ चिडते, आई रडते, आणि पुन्हा तेच वाक्य येते, या वेळी दूध जास्त असताना. अशा वेळी पाजण्याआधी दोन-तीन मिनिटे कोमट ओले फडके ठेवावे. मग अंगठा आणि बोटे स्तनाग्रापासून सुमारे एक इंच मागे ठेवून आधी छातीकडे मागे दाबावे, नंतर एकमेकांकडे. थोडे दूध पिळून निघाले की काळसर भाग मऊ होतो आणि बाळाला धरता येतो. पाजून झाल्यावर दहा मिनिटे थंड फडके. जोरात चोळू नये, त्याने सूज वाढते. एखादा भाग लाल, गरम, दुखरा झाला आणि थंडी-ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे, पण त्या बाजूचे पाजणे थांबवू नये. थांबवले तर दूध साठून गळू होण्याची भीती असते.

स्तनाग्राला भेगा पडतात, आणि आई पाजणेच सोडून द्यायला येते, त्याचे कारण बहुतेक वेळा बाळाची पकड असते. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले हवे. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत, मान वळवून प्यायला लागू नये. बाळाचे नाक स्तनाग्रासमोर आणावे, वरच्या ओठाला स्पर्श करावा आणि जांभईइतके तोंड उघडेपर्यंत थांबावे. हे थांबणे सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचे. तोंड उघडले की बाळाला छातीकडे आणावे. आईने बाळावर वाकू नये. वाकल्याने पाठ धरते आणि पकडही निसटते. पकड बरोबर असेल तर हनुवटी छातीत रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर उलटलेला असतो, काळसर भाग वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी दिसतो, गाल फुगलेले असतात आणि दूध उतरल्यावर गिळल्याचा आवाज येतो. गालाला खळी पडत असेल, ‘टक टक’ असा आवाज येत असेल, किंवा सोडल्यावर स्तनाग्र नव्या लिपस्टिकच्या टोकासारखे तिरके दिसत असेल तर पकड चुकली. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवावे आणि पुन्हा लावावे. भेगांवर साबण नको. शेवटचे दोन थेंब दूध लावून हवेवर सुकू द्यावे.

24 तासांत 8 ते 12 वेळा पाजावे लागते. घड्याळ पाहून नव्हे, बाळ मूठ तोंडाकडे नेऊ लागले, मान वळवून शोधू लागले की घ्यावे. रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे, आणि रडणाऱ्या बाळाला नीट पकड घेता येत नाही. पोट भरले की घट्ट आवळलेली मूठ हळूहळू उघडते, हात सैल पडतो, हनुवटीवर दुधाचा एक थेंब राहतो आणि झोपेत ओठाचा कोपरा हलतो. ‘सटवाई हसवते’ म्हणतात ते हेच. थकव्याच्या त्या दिवसांत या अर्ध्या मिनिटासाठी घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी जवळ बसावे.

वरचे दूध द्यायचे असे डॉक्टरांनी सांगितले, तर आधी आईचेच पिळून काढलेले द्यावे, ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. बोंडल्याची चोच आतून घासून उकळून घ्यावी, तिथेच दूध चिकटून राहते. आपल्या उन्हाळ्यात काढलेले दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवायचे तर दारात न ठेवता आत, एक दिवस. आईचे दूध मिळणे शक्यच नसेल, विशेषतः कमी दिवसांच्या बाळासाठी, तर इतर मातांनी दिलेले दूध मिळते ती दुग्धपेढी हा पर्याय आहे. अशी आशियातली पहिली पेढी 1989 साली मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. पावडरीची जाहिरात करणे, आईला फुकट नमुने देणे हे 1992 च्या कायद्याने बंद आहे, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे.

आजींच्या स्वयंपाकघराविषयी आम्हाला आदर आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, तूप, खारीक हे सगळे बाळंतिणीला हवे; पाजणाऱ्या आईला रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. पण तिचे पाणी तोडू नये. प्रत्येक पाजण्याच्या वेळी हाताशी पाण्याचा तांब्या असावा. लोहाची गोळी बाळंतपणानंतर 180 दिवस रोज, कॅल्शियमच्या गोळीपासून वेगळ्या वेळी आणि चहाबरोबर कधीच नाही. बाळाला मात्र सहा महिने फक्त अंगावरचे. भर एप्रिलमध्येही पाणी नको, दुधात जवळपास सात-अष्टमांश पाणीच असते. मध वर्षभर नको, त्यातून जिवावर बेतणारा विषार होऊ शकतो. सहाणेवर उगाळलेली गुटी, डोळ्यांत काजळ, नाका-कानात तेल, बेंबीवर हळद, यांपैकी काहीही नको. नवजात बाळाची छाती कधी सुजलेली दिसते. ती आईच्या संप्रेरकांमुळे असते, पिळू नये, आपोआप जाते. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून शेक-धुरी देणे धोक्याचे आहे. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने सिद्ध करून दाखवली आणि 2011 पासून ती देशभर आली. महाराष्ट्राने देशाला दिलेली ही गोष्ट आहे, तरी कितीतरी घरांत आशाताईंना ओसरीवरूनच परत पाठवतात. त्यांना आत घ्यावे, बाळ पिताना पाहू द्यावे, वजन करू द्यावे. बाळ अंगावर घेत नसेल, अंग तापलेले किंवा गार असेल, शांत असताना मिनिटात 60 किंवा जास्त श्वास घेत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील, पहिल्याच दिवशी पिवळे पडले असेल किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले असतील तर उद्याची वाट पाहू नये. काविळीला कोवळे ऊन हा उपचार नव्हे.

आईकडेही असेच पाहावे. तिसऱ्या ते दहाव्या दिवसांत उगाच रडू येणे पुष्कळांना होते, आणि झोप मिळाली की ओसरते. ते दोन आठवड्यांनंतरही राहिले, बाळ झोपले तरी तिला झोप येईना, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवले, तर ‘बाळंतवाताचे आहे’ म्हणून सोडून देऊ नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, आणि जवळच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. भेटायला जाणाऱ्यांनी डबा न्यावा, हात धुवावेत, मुका घेऊ नये आणि वीस मिनिटांत उठावे. बाळाला रात्री ढेकर काढून देणे, लंगोट बदलणे, भांडी उकळणे ही कामे बाळाचे वडील करू शकतात. त्यांनी ती घेतली की आईला सलग तीन तास झोप मिळते.

संपादक महोदय, विनंती एकच. आपल्या आरोग्य पुरवणीत एक छोटी चौकट छापावी, कापून फ्रिजवर लावता येईल अशी: दिवस एक ते दहा, शूचे आणि शीचे लंगोट मोजायला रकाने, शीच्या रंगांची ओळ, जन्माच्या आणि पाचव्या, चौदाव्या दिवसाच्या वजनासाठी मोकळी जागा, आणि खाली आशाताईंचा फोन लिहायला एक रेघ. दोन वाजता दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात पेन्सिल आणि ही चौकट असावी.

आपले,
बाळंतिणींना स्तनपानासाठी मदत करणाऱ्या परिचारिका व समुपदेशक