पोटगीची थकबाकी आणि हरवलेल्या पावत्या

महोदय,

थकलेल्या पोटगीवर दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण कागद कुणाकडेच नसतो. माझ्या धाकट्या भावाचेच पाहा. मुलीची फी, सायकल, चष्मा, सगळे तो रोखीने देत राहिला. पावती एकही नाही. थकबाकीची नोटीस आली तेव्हा त्यातला एक पैसाही वजा नव्हता. आदेशात पैसे आईच्या खात्यात भरायला सांगितले असतील, तर परस्पर केलेला खर्च बहुतेकदा हिशेबात धरत नाहीत.

रक्कम चुकीची वाटली तर मूळ आदेश आणि बँकेचा उतारा समोर ठेवून महिनावार तक्ता करावा, लेखी हरकत घ्यावी आणि वाद सुटेपर्यंत मान्य असलेली रक्कम तरी भरत राहावी. नोकरी गेली तर रक्कम कमी करण्याचा अर्ज लगेच द्यावा. चढलेली थकबाकी मागाहून माफ होणे फार अवघड. मूल भेटू देत नाहीत म्हणून पोटगी अडवणे तर साफ चूक. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही (कलम २७) पोटगीच्या वसुलीसाठी पावले उचलणे ही सरकारांची जबाबदारी आहे.

या भांडणात पुतणीने सहलीचा फॉर्म शेवटच्या दिवसापर्यंत दप्तरातच ठेवला होता. पैसे कुणाकडे मागायचे, ते तिला कळेना.

- एक काका