‘फक्त पुरुष’? पण का?

महोदय,

आपल्या अंकातल्या ‘पाहिजेत’ या छोट्या जाहिराती मी नेमाने वाचतो. ‘अकाउंटंट पाहिजे, फक्त पुरुष.’ ‘रिसेप्शनिस्ट, अविवाहित, वय 25 पर्यंत.’ मुलींच्या वसतिगृहाला अधीक्षिकाच हवी, हे कुणालाही पटेल. ट्रक चालवायला नजर शाबूत हवी, यातही वाद नाही. पण टॅलीत एन्ट्री मारायला पुरुषच कशाला?

कायद्याला सगळाच भेदभाव वर्ज्य नाही. अट कामाच्या गरजेतून आली की मालकाच्या सवयीतून, हे पाहिलं जातं. मुंबई उच्च न्यायालयाचा 1997 चा निकाल यासाठी वाचण्यासारखा आहे. सार्वजनिक उपक्रमातल्या एका हंगामी कामगाराला एचआयव्ही निघाला आणि त्याचं काम बंद झालं. हा माणूस काम करू शकतो का, इतरांना त्याच्यापासून धोका आहे का, एवढंच न्यायालयाने पाहिलं. नुसत्या रिपोर्टवरून काढणं बेकायदा ठरलं. आता 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार अशा माणसाला अपात्र किंवा धोकादायक ठरवून काढायचं, तर स्वतंत्र डॉक्टरचा लेखी अहवाल लागतो. म्हणजे कारण कागदावर दाखवायचं, तेही मालकानेच.

‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे’ हे कारण होत नाही. मुंबईच्या सिनेसृष्टीत बायकांनी केशरचना करायची, मेकअप मात्र पुरुषांनीच, असा कामगार संघटनेचाच दंडक होता. सुप्रीम कोर्टाने तो 2014 मध्ये मोडीत काढला. ‘बायकांच्या सुरक्षेसाठी’ हे कारण ऐकायला बरं वाटतं, म्हणून जास्त फसवं. दारू मिळते तिथे स्त्रियांना कामावर ठेवायला मनाई करणारं पंजाबच्या 1914 च्या अबकारी कायद्यातलं कलम दिल्लीतही लागू होतं. तेही 2007 मध्ये सुप्रीम कोर्टात टिकलं नाही.

नोकरीत समान संधीची हमी देणारं घटनेचं सोळावं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे, हे खरं. पण पुरुष करतात त्याच किंवा तशाच कामाच्या भरतीत स्त्रियांना डावलायला 1976 च्या समान वेतन कायद्याने खासगी मालकांनाही मनाई केली आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती आहे. वय आणि वैवाहिक स्थितीबाबत मात्र खासगीत जवळपास मोकळं रान आहे. तिथे कायदा हवाच.

तोवर एक विनंती. ‘फक्त पुरुष’ असा मजकूर घेऊन येणाऱ्याला आपल्या जाहिरात विभागाने काउंटरवरच कारण विचारावं. सांगता आलं नाही, तर ते दोन शब्द गाळून जाहिरात घ्यावी.

— एक वाचक, डोंबिवली