भरपाई नको, खरेदीखत हवं: आमच्या वकीलबाईंना पत्र

आदरणीय वकीलबाई,

सा. न. वि. वि.

कोर्टाच्या आवारात तुमचे आभार मानायला गेलो, तर तुम्ही पुढच्या दाव्याची फाईल चाळत होतात. म्हणून हे पत्र. आणि ते उघड लिहितोय, कारण साठेखत, म्हणजे पुढे विक्री करून देण्याचा लेखी करार, हातात आहे पण प्रत्यक्ष विक्रीचं खरेदीखत होत नाही अशी माणसं कमी नाहीत.

जमीनमालकाने इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेतला, पुढे भाव चढले आणि "तुमचे पैसे व्याजासकट परत घ्या" हे पालुपद सुरू झालं. आमच्या घरातही निम्मी मंडळी त्याला राजी होती. तुम्ही कुणाचीच बाजू घेतली नाहीत. फक्त विचारलंत, "त्या पैशांत हीच सोय देणारी दुसरी जमीन मिळेल का?" मिळणार नव्हती. आमच्या शेताची वाटच त्या तुकड्यातून जाते. नुकसानभरपाईत भावातला फरक धरता येतो, वाट कशात धरणार?

मग तुम्ही कायदा समजावलात, तोही घाबरवून न टाकता. करार प्रत्यक्ष पुरा करून मागण्याचा कायदा म्हणजे १९६३चा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम. त्यात पूर्वी करार पुरा करून द्यायचा की नाही, हे बरंचसं कोर्टाच्या विवेकावर होतं. १ ऑक्टोबर २०१८पासून त्या कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि कायद्यातले अपवाद सोडले तर पूर्ततेचा हुकूम देणं हाच नियम झाला. आमचं साठेखत त्यानंतरचं. हे ऐकून मी खुशीत आलो, तेव्हा तुम्ही कलम १६ उघडून समोर ठेवलंत. करारातला आपला वाटा पुरा करायला आपण सतत तयार होतो आणि राजी होतो, हे वादीने सिद्ध करायचं. बाकी रक्कम आधीच कोर्टात भरून ठेवायची सक्ती नाही, कोर्टाने सांगितलं तरच. पण ती उभी करण्याची ऐपत आणि इच्छा दोन्ही दिसली पाहिजेत.

माझ्या मते आमचा दावा खरा इथेच जिंकला गेला. ठेवींच्या पावत्या, पासबुकाचे उतारे, सगळं तुम्ही तारखेनुसार लावून घेतलंत. नोटीस पाठवून मालकाला दुय्यम निबंधक कार्यालयात बोलावलंत आणि त्या दिवशी आम्हाला मुद्रांक, मसुदा आणि पैशांच्या तयारीनिशी तिथे बसायला लावलंत. मालक आला नाही. तो येणार नाही हे तुम्हाला माहीत होतंच. आम्ही हजर होतो याचा पुरावा तुम्हाला हवा होता. पुढे उलटतपासणीत समोरचे वकील "तुमच्याकडे पैसे होतेच कुठे?" यावर घसरले, तेव्हा मला फार बोलावंच लागलं नाही. निशाण्या, म्हणजे कोर्टात दाखल झालेले पुराव्याचे कागद, बोलल्या.

दावा लावायच्या मुदतीबद्दलही तुम्ही घाई केलीत ती बरोबर होती. करारात तारीख ठरली असेल तर तिथून तीन वर्षं, नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षं. "बघू, करू" म्हणत मालक ती वर्षं खाऊन टाकतो, हे तुमचं वाक्य मी आता इतरांना ऐकवतो. जमीन तिसऱ्याच्या घशात जाऊ नये म्हणून मनाई हुकुमाचा अर्ज आणि दाव्याची नोटीस नोंदवणं, दोन्ही तुम्ही सुरुवातीलाच उरकलंत. ताबाही मागितलात. शिवाय पूर्तता नाकारली गेलीच तर इसार परत मिळावा, ही पर्यायी मागणीही दाव्यात घातलीत. मला ते कच खाल्ल्यासारखं वाटलं होतं. पण न मागितलेलं कोर्ट आपणहून देत नाही.

माझ्या मेव्हण्याला तुम्ही दिलेलं उत्तरही इथे नोंदवतो. काम कबूल करून ऐन वेळी फिरलेल्या नटाला कोर्टाकडून रंगमंचावर उभं करता येईल का, असं त्याने विचारलं होतं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "व्यक्तिगत कसबावर बेतलेला करार कोर्ट जबरदस्तीने पुरा करून घेत नाही. दुसरीकडे काम करणार नाही असं त्याने करारात लिहून दिलं असेल, तर तेवढं रोखायला मागता येईल." मेव्हणा हिरमुसला. पण कोर्टाच्या हुकुमाने केलेला अभिनय बघायला तिकीट कोण काढणार, हा प्रश्न उरतोच.

हुकूमनामा झाल्यावर आम्ही निर्धास्त झालो, तुम्ही नाही. उरलेली रक्कम ठरवून दिलेल्या मुदतीत भरली नाही तर समोरचा करार रद्द करून मागू शकतो, म्हणून भरणा होऊन पावती हातात येईपर्यंत रोज तुमचा फोन. तरीही मालक सहीला आला नाहीच. मग हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, म्हणजे दरखास्त, आणि शेवटी कोर्टानेच त्याच्या वतीने खरेदीखतावर सही करवून दिली. मालकाच्या सहीवाचून खरेदीखत होऊ शकतं, यावर आमच्या म्हातारीचा अजून विश्वास बसलेला नाही.

दरखास्तीचे कागद पुन्हा पुन्हा टाईप करणाऱ्या तुमच्या ज्युनिअरलाही धन्यवाद सांगा. फेरफार मंजुरीला आहे. सातबाऱ्यावर नाव चढलं की उतारा ऑफिसला आणून देतो, तोवर फाईल बासनात बांधू नका.

आपला,
एक अशील