ताई, उभं राहायची जागा दाखवलीत म्हणून

ताई, सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. इथे मध्येच "बरं, ते राहू दे" म्हणायची सोय नाही.

समुद्रकिनाऱ्यावर सूर्यास्ताचे फोटो काढताना झालेल्या पहिल्या भेटीत तुम्ही माझा कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, काही म्हणजे काही विचारलं नाहीत. समोरच्या खडकाळ बेटाकडे बोट दाखवून म्हणालात, "सूर्य त्याच्यामागे हवाय ना? मग इतक्या जवळ का उभा आहेस?" मग काडीने वाळूत दोन रेघा ओढून समजावलंत. सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचं. फोटोत ते केवढं उमटणार हे फक्त लेन्सच्या फोकल लेंग्थवर, म्हणजे तिच्यावरच्या मिमीच्या आकड्यावर ठरतं; आकडा मोठा तितकं बिंब मोठं. आपण चार पावलं पुढे गेलो काय नि दोन किलोमीटर मागे आलो काय, त्याला फरक पडत नाही. 24 मिमीच्या लेन्सने ते सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, पाव मिलिमीटरसुद्धा भरत नाही, 400 मिमीने साडेतीनच्या वर जातं. बेट मात्र आपण मागे सरकू तसं लहान होतं. त्यामुळे 20 मीटर रुंदीचा खडक बिंबाएवढा दिसायला हवा तर त्याच्यापासून दोन किलोमीटरहून थोडं जास्तच लांब जायचं आणि मोठी लेन्स लावायची. इतकी साधी गोष्ट, पण तोवर मला कुणी सांगितली नव्हती. आणि हो, मोठ्या लेन्सच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सूर्याकडे बघायचं नाही, मागच्या स्क्रीनवरच बघायचं, ही तंबीही त्याच दमात दिलीत.

जागेपाठोपाठ तारीख आली. सूर्य रोज एकाच ठिकाणी बुडत नाही हे शाळेत शिकलेलं असतं, पण ते फ्रेममध्ये उतरवायला तुम्ही लावलंत. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास मावळतीची जागा रोज बिंबाच्या पाऊण रुंदीइतकी किंवा त्याहून अधिक सरकते. दोनतीन दिवस चुकवले की सूर्य बेट सोडून उघड्या पाण्यात बुडतो. जून आणि डिसेंबरच्या अयनदिनांपाशी, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांपाशी, तो जवळजवळ तिथल्या तिथे घुटमळतो. शिवाय एरवी हुकलेली जागा परतीच्या वाटेवर पुन्हा सापडते, हा दिलासा मला फार आवडला.

भरती-ओहोटीचं तसंच. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर तिची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते, म्हणजे आज सूर्यास्ताला ओहोटी असेल तर आठवड्याने त्याच वेळी भरती. ओल्या वाळूत आकाश हवं की खडकांवर फुटणारी लाट, हे त्यावरून आधीच ठरवता येतं. लाट मागे फिरताना शटर अर्धा ते एक सेकंद उघडं ठेवलं की फेसाच्या रेघा मिळतात. तीस सेकंदांत नुसतं धुकं उरतं. त्या धुक्याचं लोकांना एवढं कौतुक का, मला कळत नाही, तुम्हालाही नसावं.

फिल्टरवरून मात्र आपलं जमत नाही. आकाशाचा उजेड कमी करायला लेन्ससमोर लावायचा, वरचा अर्धा भाग काळसर असलेला कडक काठाचा फिल्टर मोकळ्या क्षितिजावर चालतो, पण बेटाचा डोंगर त्या रेषेच्या वर येतो आणि माथ्याकडून काळाठिक्कर पडतो. म्हणून मी दोन वेगळ्या एक्स्पोजरचे, म्हणजे एक उजळ नि एक गडद असे फोटो घेऊन नंतर जोडतो. तुम्ही त्याला आळस म्हणता. म्हणा.

खाऱ्या तुषारांचा प्रसंग तुम्हाला आठवतही नसेल. काचेवर थेंब दिसले म्हणून मी कोरडा रुमाल काढला, तसं तुम्ही माझं मनगटच धरलंत. थेंब वाळला की मिठाचे कण उरतात आणि कोरडं पुसलं तर तेच काचेवर घासले जातात. तुम्ही बाटलीतलं गोडं पाणी फडक्यावर घेतलंत, आधी नुसतं टिपलंत, मग दुसऱ्या सुक्या फडक्याने हलक्या हाताने पुसलंत. तेव्हापासून माझ्या बॅगेत कायम दोन फडकी असतात.

आणि बिंब बुडाल्यावर थांबायला लावलंत त्याबद्दल. खरं तर बिंबाची खालची कड पाण्याला टेकते तेव्हाच सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेतून वाकलेला प्रकाश आपल्याला तो वर उचलून दाखवतो. पण उंचावरच्या पातळ ढगांना त्यानंतरही पंधरा-वीस मिनिटं खालून ऊन लागत राहतं, आणि आकाशात ढग असले तर खरा रंग बहुतेकदा तेव्हाच चढतो. माझे आवडते फोटो बहुतेक याच वेळेचे आहेत. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतली रंगछटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवायलाही तुम्हीच सांगितलं होतंत, नाहीतर कॅमेऱ्याने तो रंग पार फिकटवला असता.

तुमचा ट्रायपॉड अजून माझ्याकडेच आहे. सांधे उघडून गोड्या पाण्याने धुतलेत, वाळू निघाली, पण एका पायाची चकती अजून करकरते. ती नीट झाली की आणून देतो. घाई असेल तर सांगा, तशीच आणतो.

तुमचा,
अजूनही शिकणारा एक विद्यार्थी