रक्त नको, पण लागलेलं दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सुट्टीत मुलांना दाखवण्याजोग्या अ‍ॅनिमेशनपटांची यादी वाचली. यादी चांगली आहे. त्यातल्या तीन-चार चित्रपटांपुढे मात्र ‘रक्तपात नाही, निर्धास्त दाखवा’ एवढीच शिफारस होती, आणि तिथेच मी अडखळले. मी ३१ वर्षं परिचारिका होते. त्यातली १४ वर्षं मुलांच्या सर्जिकल वॉर्डात आणि कॅज्युअल्टीत गेली. रक्त दिसत नाही म्हणून निर्धास्त व्हावं, हे मला पटत नाही.

हनुवटी फुटलेली मुलं कॅज्युअल्टीत नेहमीच येतात. कोणी मोरीत घसरतं, कोणी जिन्याच्या पायरीवर आपटतं. दोन-तीन टाके घालायचे, ड्रेसिंग करायचं आणि घरी पाठवायचं. अशीच एक पाच वर्षांची मुलगी आली होती. मी जखम पुसत होते आणि तिची नजर माझ्या हातातल्या लाल झालेल्या गॉजवर खिळली होती. रडणं थांबवून तिने मला विचारलं, “सिस्टर, हे परत आत कसं घालणार?” तिची आई ओशाळून हसली. मला हसू आलं नाही. आपण आतून असे आहोत आणि आतलं बाहेर येऊ शकतं, हे त्या मुलीला त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. पडद्यावर तोवर तिने शेकडो माणसं पडताना पाहिली असतील.

टॉम आणि जेरीशी माझं भांडण नाही. १९४० पासून ते एकमेकांना इस्त्रीखाली चपटे करत आले आहेत आणि पुढच्याच क्षणी धडधाकट उभे राहत आले आहेत. जुन्या चित्रकारांची रीतच तशी होती: देह रबराचा समजायचा, दाबला की पसरेल, ओढला की लांबेल. तो खेळ आहे हे तीन वर्षांच्या मुलालाही समजतं. छोटा भीमने लाडू खाऊन ठोसा मारला की समोरचा आकाशात उडून जातो, तेही त्याच जातीचं. पण आता संगणकावर केस न् केस वेगळा काढतात, ओल्या कातडीवर उजेड कसा पडेल तेही दाखवतात, भिंतीची वीट न् वीट खरी वाटते. असा हाडामांसाचा दिसणारा माणूस त्या भिंतीतून आरपार जातो आणि कपडे झटकून चालू लागतो. डोळ्यांना सगळं खरं दिसतं, खोटा असतो तो फक्त मार. माझी तक्रार इथे आहे.

असं का होतं, हे मी समजू शकते. अमेरिकेत १९६८ पासून चित्रपटांना वयानुसार दर्जा देतात, आणि १९८४ मध्ये १३ वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारी वेगळी पायरी आली. रक्त दिसलं की चित्रपट वरच्या पायरीवर ढकलला जायची भीती, आणि मग सहा वर्षांच्या मुलाला घेऊन येणारं कुटुंब थिएटरकडे फिरकत नाही. म्हणून ठोसा ठेवायचा, स्फोट ठेवायचा, रक्त पुसून टाकायचं. मृत्यूसुद्धा ठेवतातच. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१४ साली एक अभ्यास आला होता. मुलांचे ४५ अ‍ॅनिमेशनपट मोठ्यांच्या चित्रपटांशी ताडून पाहिले, तर महत्त्वाची पात्रं मरण्याचा धोका मुलांच्याच चित्रपटांत अडीच पट निघाला. म्हणजे मरण चालतं, खरचटलेलं चालत नाही.

पण रक्त न दाखवताही दुखलेलं दाखवता येतं, हे याच लोकांनी दाखवून दिलं आहे. १९४२ च्या ‘बॅम्बी’त पाडसाच्या आईला गोळी लागते ती आपल्याला फक्त ऐकू येते. नंतर पडणारा बर्फ आणि आईला हाका मारत फिरणारं ते पिल्लू, एवढंच पडद्यावर आहे. ‘द लायन किंग’मध्ये (१९९४) सिंहांचा राजा मुफासा धावत्या कळपाच्या पायाखाली येतो. अंगावर रक्ताचा थेंब नाही, झोपल्यासारखा पडलेला असतो. त्याचा छावा सिंबा त्याला ढुशा देतो, कान ओढून पाहतो, मदतीला हाका मारतो आणि शेवटी बापाच्या पंजाखाली शिरून पडून राहतो. माझा नातू त्या जागी दरवेळी माझ्या मांडीला चिकटतो. तिथे रक्त असतं तर त्याला आणखी काही कळलं असतं असं मला वाटत नाही. ‘फाइंडिंग नेमो’त (२००३) तर थेंबभर रक्त आहेच. डोरी नावाच्या माशाच्या नाकातून ते पाण्यात पसरतं आणि शाकाहारी व्हायला निघालेल्या शार्कचे डोळे बदलतात. तो थेंब मुलांना पक्का आठवतो, कारण त्याने पुढे काहीतरी घडतं.

दुसरं टोकही मला नको. इंग्लंडमध्ये १९७८ साली सशांवरचा ‘वॉटरशिप डाऊन’ सर्वांसाठी योग्य ठरवून सोडला होता. त्यातले ससे रक्तबंबाळ होतात, आणि तो पाहून तिथली मुलं घाबरली. चाळीसहून जास्त वर्षांनी तिथल्या मंडळाने त्याची पायरी वाढवली. लहान मुलांना असं काही दाखवा, असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे तरी मुलांपासून काय लपवलं जातं? शाळेतल्या कोणत्याही मुलाला प्रतापगड विचारा. वाघनखं आणि खानाचा कोथळा तो हातवाऱ्यांसह सांगतो. तानाजीची ढाल तुटली आणि त्याने हाताला शेला गुंडाळून वार झेलले, हेही त्याला ठाऊक असतं. या गोष्टी ऐकून मुलं बिथरत नाहीत. सांगणारं माणूस शेजारी असतं, आणि त्या गोष्टींत लागलं की लागतं. गड हाती येतो, पण तानाजी परत येत नाही आणि राजेही दुःखी होतात.

मात्र घरात मूल पडलं की आपण काय करतो? “उठ, काही नाही झालं, बघ मुंगी मेली!” जमिनीला दोन चापट्या मारतो आणि त्याला उचलतो. मीही माझ्या मुलांना असंच उचललं आहे. त्या क्षणापुरतं ते ठीकच. पण सिनेमानेही तेच म्हटलं आणि आपणही तेच म्हणत राहिलो, तर दुखतंय हे मुलाने सांगायचं कोणाला? वॉर्डात अशी मुलं मी पाहिली आहेत. हात मोडलेला असताना दोन दिवस गप्प बसलेली, कारण ‘एवढ्याने काय होतं’ हे त्यांना पाठ होतं.

म्हणून आपल्या चित्रपट समीक्षकांना माझी विनंती आहे. मुलांच्या चित्रपटाबद्दल लिहिताना रक्त आहे की नाही याबरोबर आणखी एक ओळ लिहावी: कोणाला लागतं का, ते दुखतं का, आणि शेजारचे त्याची विचारपूस करतात का. सेन्सॉर बोर्डाने २०२४ पासून ७, १३ आणि १६ वर्षांच्या वेगळ्या पायऱ्या आणल्या हे चांगलं झालं, पण ही गोष्ट प्रमाणपत्रावर मावणारी नाही. ती पाहणाऱ्यानेच सांगायला हवी.

एक आठवण लिहून थांबते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कडबाकुट्टीत बोटं गेलेला दहा वर्षांचा मुलगा वॉर्डात होता. ड्रेसिंगच्या वेळी भिंतीकडे तोंड करायचा, हाताकडे बघायचा नाही. एका डॉक्टरांनी त्याला मोबाइलवर ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ (२०१०) लावून दिला. त्या ड्रॅगनच्या शेपटीचा एक पंख गेलेला असतो आणि हिकप नावाचा मुलगा त्याला नवा बनवून देतो. शेवटच्या लढाईनंतर हिकप अंथरुणात जागा होतो, खाली बघतो, तर एका पायाच्या जागी बनवलेलं पाऊल. तो उठतो, तोल जातो, ड्रॅगन डोकं पुढे करून त्याला सावरतो आणि दोघं दारापर्यंत चालत जातात. मला हा प्रसंग फार आवडतो. पोराने तो दोनदा मागे नेऊन पाहिला. मग मला म्हणाला, “सिस्टर, याचं ड्रेसिंग कधी झालं?”

मी म्हटलं, ते त्यांनी दाखवलं नाही.

“दाखवायला पाहिजे होतं,” तो म्हणाला. त्या दिवशी मी पट्टी सोडताना त्याने मान वळवली नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका, सांगली