दादा, भाऊबीजेला मी मस्कतात नव्हते

डिचोली, गोवा
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

ती. दादा आणि वहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर ओमानचं तिकीट नाही हे पाहून तू चमकला असशील. पत्र डिचोलीहून, सासरच्या घरातून लिहिते आहे. गेले सात आठवडे मी इथेच आहे. दादा, हे आधी तू एकट्याने वाच, मग वहिनीला दे. आईला काय आणि कसं सांगायचं ते पुढे लिहिलंय.

भाऊबीजेला व्हिडिओवर तुला ओवाळलं तेव्हा मी माजघरातल्या कोऱ्या भिंतीला पाठ लावून बसले होते. चिऱ्याची भिंत नको दिसायला, तुळशीवृंदावन नको दिसायला, म्हणून सकाळपासून जागा शोधत होते. आणि नेमकं तबक हातात घेतलं तेव्हा बाहेर पोदेर आला, सायकलचा भोंपू वाजवत. वहिनी म्हणाली, "मस्कतात पाववाला येतो?" मी टीव्हीचं नाव सांगितलं. आई मागून म्हणाली, "गो बाय, तुझो आवाज असो कित्या बसलो?" तिला मी सर्दी सांगितली. एका ओवाळणीत दोन वेळा खोटं बोलले. फोन ठेवल्यावर निरांजन तबकात तसंच जळत होतं आणि मला ते विझवायचं सुचत नव्हतं. त्या दिवसापासून हे पत्र मनात लिहिते आहे.

आता सरळ सांगते. माझ्या उजव्या फुफ्फुसात गाठ आहे. तिचं नाव कार्सिनॉइड. या महिन्याच्या २७ तारखेला बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, शस्त्रक्रिया ठरली आहे. आपल्याकडे कुणाला 'बांबोळीला नेलं' म्हटलं की ओसरीवरची माणसं गप्प होतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच घाबरण्याआधी पुढचं सगळं वाच.

अडीच वर्षं मला खोकला होता, हे तुम्हाला माहीत आहे. मस्कतच्या धुळीचा दमा असं तिथल्या एका दवाखान्यात सांगितलं आणि हातात पंप दिला. मी तो नेमाने ओढला. मधे तीनदा न्यूमोनिया झाला, तिन्ही वेळा उजवीकडे, खाली, त्याच जागी. दर वेळी प्रतिजैविकं घेतली, बरी झाले, कामावर गेले. एकाच जागी तीनदा न्यूमोनिया होतो तेव्हा तिथली नळी कशाने तुंबली आहे का, हे कुणीतरी बघायला हवं होतं. दादा, या गोष्टीचा मला खरंच राग आहे, तो मी लपवत नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं ते चिनूच्या. उन्हाळ्यात एका रात्री माझ्या छातीवर डोकं ठेवून झोपली होती. म्हणाली, "आई, तुझी शिट्टी एकाच बाजूला वाजते." मी हसून सोडून दिलं. दम्याची शिट्टी दोन्हीकडे वाजते, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं. पुढे ऑगस्टमध्ये सकाळी बेसिनमध्ये थुंकीत लाल धागा दिसला. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ उजवीकडेच ऐकलं आणि त्याच दिवशी सीटी स्कॅनला पाठवलं.

मग दुर्बीण घालून नळीच्या आत पाहिलं. त्याचा फोटो मला दाखवला. गुलाबी नळीत गुळगुळीत, तांबूस, अर्धवट पिकलेल्या करवंदासारखी गाठ, आकारही तेवढाच, दोन सेंटिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या फार, म्हणून तुकडा काढताना रक्त येऊ शकतं, तर डॉक्टरांनी अगदी जपून घेतला. त्याचा अहवाल 'टिपिकल कार्सिनॉइड' असा आला.

हा शब्द १९०७ मध्ये जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फर नावाच्या डॉक्टरांनी काढला. आतड्यातल्या अशा गाठी कर्करोगासारख्या दिसतात पण तशा वागत नाहीत, म्हणून 'कर्करोगासारखा' या अर्थाचं नाव. पुढे १९२९ मध्ये त्यांनीच लिहिलं की यातल्या काही गाठी पसरतातही. त्यामुळे दादा, मी तुला फसवणार नाही. हा कॅन्सरच आहे. पण फुफ्फुसाच्या शंभर कॅन्सरमध्ये एक-दोनच असे निघतात. टिपिकल आणि अटिपिकल असे त्याचे दोन प्रकार. सूक्ष्मदर्शकाखाली दोन चौरस मिलिमीटरमध्ये किती पेशी विभागताना दिसतात ते मोजतात. दोनपेक्षा कमी दिसल्या आणि आत मेलेला भाग नसला, तर टिपिकल. माझा तसा आहे. हा फार सावकाश वाढतो. पूर्ण काढला तर पाच वर्षांनंतरही शंभरातली नव्वदहून जास्त माणसं असतात. हा आकडा मी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना विचारून पक्का केलाय, त्यातले एक परळच्या टाटामधले. मुंबईला गेले होते ते डोटा स्कॅनसाठी. त्यात एक किरणोत्सारी औषध शिरेतून देतात, ते जाऊन या प्रकारच्या पेशींना चिकटतं आणि आजार अंगात आणखी कुठे आहे का ते दिसतं. माझ्या स्कॅनमध्ये ती एकच जागा उजळली, बाकी काही नाही.

तेव्हा मुंबईत असूनही तुला फोन केला नाही. का ते सांगते.

आप्पांमुळे. त्यांना मुंबईला नेलं तेव्हा उशीर झाला होता आणि आठ महिन्यांत ते गेले. आई आजही त्या आजाराचं नाव घेत नाही, 'ता दुखणा' म्हणते. फुफ्फुस हा शब्द तिच्यापुढे काढायचीच मला भीती वाटली. तुझा चेहराही डोळ्यांपुढे होता, आप्पांच्या खाटेपाशी रात्र रात्र बसलेला. वाटलं, आधी सगळे अहवाल हातात येऊ देत, शस्त्रक्रिया होऊ दे, मग सांगू. मोपाला विमानातून उतरले आणि गाडी महामार्गाला लागली, तिथे एक वाट म्हापशाकडे येते आणि दुसरी पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी करत आपल्या कुडाळला जाते. गाडी म्हापशाकडे वळली. मी मागे वळून त्या दुसऱ्या रस्त्याकडे पाहत राहिले. चौदा वर्षं समुद्रापलीकडे राहून जेवढं परकं वाटलं नाही, तेवढं त्या वळणावर वाटलं.

आप्पांचा आणि माझा आजार एका अवयवातले, पण जात वेगळी आहे. त्यांचा विडीने आला. माझ्या प्रकाराचा विडी-सिगारेटशी संबंध नाही. सासूबाईंनी तर डॉक्टरांना खाणीच्या धुळीचंही विचारलं, कारण इथे वर्षानुवर्षं मातीचे ट्रक दारावरून गेलेत. असं काही कारण माहीत नाही, असंच उत्तर आलं. मी काय केलं म्हणून हे झालं, या प्रश्नात माझा एक महिना गेला. आईसुद्धा तोच प्रश्न विचारील, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता शस्त्रक्रियेचं. दोन्ही फुफ्फुसांचे मिळून पाच खण असतात, उजवीकडे तीन, डावीकडे दोन. माझा उजवीकडचा सगळ्यात खालचा खण गाठीसकट काढणार आणि आजूबाजूच्या लसिकाग्रंथी तपासायला घेणार. आधी लहान छिद्रांतून दुर्बिणीने करायचा विचार आहे. गरज लागली तर छाती उघडतील, तशी सही मी दिली आहे. उरलेले दोन खण हळूहळू पसरून मोकळी जागा बरीचशी भरतात. छातीत काही दिवस नळी राहील. ग्रंथी स्वच्छ निघाल्या तर किमोथेरपी लागणार नाही. सीटी स्कॅन मात्र पुढची दहा वर्षं तरी ठरावीक अंतराने करत राहायचे.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई फार नीट बोलल्या. चेहरा मधेच लाल होतो का, जुलाब होतात का, छाती धडधडते का, असं विचारलं. या गाठी कधी कधी रक्तात रसायनं सोडतात. फुफ्फुसातल्या गाठीत ते क्वचित होतं, पण शस्त्रक्रियेत गाठीला हात लागला की एकदम रक्तदाब बिघडू शकतो, म्हणून ऑक्ट्रिओटाइड नावाचं इंजेक्शन टेबलाजवळ तयार ठेवतात. त्याआधी चोवीस तासांची लघवी एका मोठ्या कॅनमध्ये साठवून तपासायला दिली. तीन दिवस केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो बंद होते, कारण त्यांनी आकडा खोटाच वाढतो. नेमका तो शुक्रवार होता. सासूबाई म्हापशाच्या बाजारातून मयंडोळी केळ्यांचा फणा घेऊन आल्या होत्या, माझ्यासाठी. मी नको म्हटल्यावर त्यांनी तो शिंक्याला टांगला आणि तीन दिवस स्वतःही एक केळं खाल्लं नाही. चौथ्या दिवशी सकाळी सोलून हातात दिलं. तपासणी नॉर्मल आली.

त्या फारसं बोलत नाहीत, तुला माहीतच आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे वाड्यावर नरकासुर जाळतात, तेव्हा त्यांनी रात्रीच दारं-खिडक्यांच्या फटींना ओली लुगडी लावली. मला धूर लागू नये म्हणून. मी विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "भियेनाका, सगळें बरें जातलें." दादा, या घरात मला काही कमी नाही.

माझा दिवस कसा जातो ते आईला सांग, तिला तेच ऐकायचं असेल. सकाळी पाऊण तास चालते. मग तीन गोळ्यांचं यंत्र. प्लास्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक निळी गोळी, वर ६००, ९००, १२०० असे आकडे. तोंडात नळी धरून श्वास आत ओढायचा, गोळ्या वर चढतात आणि वरच धरून ठेवायच्या. पहिल्या आठवड्यात दोनच चढायच्या, तिसरी तळाशी थरथरायची. परवा तिसरी वर गेली आणि मी मनात तीन अंक मोजेपर्यंत राहिली. तेव्हा मी अंगणात येऊन एकटीच रडले. दर तासाला दहा वेळा करते. फिजिओथेरपिस्टने तीन मजले न थांबता चढायला लावले, तेही जमले. फुफ्फुसाच्या ताकदीची चाचणी ८१ टक्के आली, एवढी पुरे आहे म्हणतात.

भीती वाटते का म्हणशील तर वाटते. रात्री तीनला जाग येते तेव्हा फार वाटते. चिनू दहावीला आहे, तिची परीक्षा डोळ्यांपुढे येते. तिला मात्र आम्ही पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. ती शिट्टी तिनेच ऐकली होती, तिच्यापासून लपवणं शक्यच नव्हतं. ती आणि हे २२ तारखेला येतील.

म्हणून आता तुझ्याकडे मागते. आईला फोनवर सांगू नकोस, संध्याकाळी तर मुळीच नको. सकाळी तिची तुळशीची पूजा झाली, चहा झाला, की तिच्याजवळ बस. 'कॅन्सर' हा शब्द गाळू नकोस. तो तिला उद्या बाहेरून कळला तर ती आपल्या दोघांवर कधीच विश्वास ठेवणार नाही. मात्र त्याच दमात सांग, की आप्पांचा वेगळा होता, हा सावकाश चालणारा आहे, एकाच जागी आहे आणि काढता येतो. तिच्या रक्तदाबाची गोळी आधी दे. ती रडली तर रडू दे. मग मला फोन लाव. भिंतीला पाठ लावून बसणार नाही आता, सगळं घर दाखवीन.

दोन रक्तदाते तयार ठेवा असं रुग्णालयाने सांगितलंय. एक ह्यांचे मावसभाऊ आहेत, दुसरा तू ये. २५ तारखेला आलास तर बरं. गाडीने थिवीला उतर, तिथून न्यायला माणूस येईल. वहिनीला सुट्टी मिळाली तर तिलाही आण. आईला आणायचं की नाही ते तिलाच ठरवू दे, पण दवाखान्यात नको, इथे घरी सासूबाईंबरोबर राहील.

आणि एक वस्तू आण. शस्त्रक्रियेनंतर रोज खोकून कफ काढावा लागतो आणि खोकताना टाके ओढतात, म्हणून छातीशी घट्ट धरायला एक लहान उशी आणायला सांगितली आहे. म्हापशाच्या बाजारात मिळतात, पण आईच्या पेटाऱ्यात ती सावरीच्या कापसाची उशी असेल, निळ्या पट्ट्यांच्या खोळीची, आपल्या लहानपणी ताप आला की ती डोक्याखाली द्यायची तीच. कापूस बसला असेल, तर तिला थोडा आणखी भरून द्यायला सांग, घट्ट हवी आहे.

तुझी,
बेबी