कोर्टातले भूत आणि सिमेंटचा गिलावा

मा. संपादक,
स. न.

जुन्या कोर्टात फाशी गेलेल्याचा आत्मा फिरतो, रात्री जिन्यावर पावले वाजतात, दार आपोआप लागते, अशा चित्रफिती सध्या मोबाइलवर जोरात आहेत. आम्ही जुन्या दगडी इमारतींची डागडुजी करतो, म्हणून हे पत्र.

मुळात आपल्याकडे कोर्टात फाशी देत नाहीत. सत्र न्यायालय शिक्षा सुनावते, उच्च न्यायालयाने ती कायम करावी लागते आणि अंमलबजावणी होते तुरुंगात. कसाबला २०१२ साली येरवड्यात फाशी झाली, याकूब मेमनला २०१५ साली नागपूरच्या कारागृहात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात फाशीचा खांब बरेचदा कोर्टाच्या आवारातच उभारत, त्यामुळे तिथल्या गोष्टींना निदान जागेचा तरी आधार आहे. इकडच्यांनी तिकडचे भूत उचलून आणले, एवढेच.

सोलापूरच्या बाबतीत तर हे जास्त खटकते. ८ मे १९३० रोजी, गांधीजींच्या अटकेनंतर, शहर पेटले. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जळाली, दोन पोलीस मारले गेले, कोर्टालाही आग लागली. १२ मेपासून मार्शल लॉ आला. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली, तीही येरवड्याच्या तुरुंगात. दरवर्षी त्यांच्या पुतळ्यांना हार घालायचे आणि फाशीचा विषय निघाला की जिन्यातल्या भुताच्या गप्पा मारायच्या, हे आम्हाला पटत नाही.

आता आवाजांचे. मे महिन्यात दिवसा पत्रा आणि लोखंडी गर्डर तापून फुगतात, रात्री आखडतात. सहा मीटरचा गर्डर १५ अंशांच्या फरकाने साधारण एक मिलिमीटर सरकतो. तेवढ्याने ‘टक्’ असा आवाज येतो. दिवसभर माणसांच्या वर्दळीने दबलेल्या जिन्याच्या फळ्या संध्याकाळनंतर सैल होतात आणि ढिल्या खिळ्यांपाशी करकरतात. छपरात गव्हाणी घुबड असेल तर त्याचे फिस्कारणे माणसाच्या घुसमटीसारखे ऐकू येते. (त्याला हाकलू नका, वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.) दार आपोआप लागत असेल तर झरोके बंद करून ते अर्धे उघडे ठेवा. जागेवर राहिले तर वाऱ्याचे काम, तरीही लागले तर बिजागरी झिजली आहे किंवा चौकट ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नाही.

रात्री धप्पकन काही पडते, ते मात्र गंभीर आहे. जुन्या भिंती दगड-चुन्याच्या. पायातून चढलेली ओल चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडत असते. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ती आत कोंडते, क्षार गिलाव्यामागे साचतात, फुगा येतो आणि एक दिवस पोपडा सुटतो. लोखंडी खिळे गंजून उतरणारा तांबडा ओघळ रक्तासारखा दिसतो, म्हणून लोक त्याचा फोटो काढतात. त्याच भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर तिथे उभे राहू नका.

दुरुस्तीत आधी पन्हळी साफ करून ओलीची वाट बंद करावी, नाहीतर पुढचे सगळे वाया. मग सिमेंट छन्नी-हातोडीने उतरवावे; ब्रेकर लावला तर दगड हलतात. दगडांमधल्या दरजा (सांधे) २० ते २५ मिलिमीटर खोल खरवडून, झाडून, ओल्या कराव्यात आणि एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली चाळलेली वाळू असा माल दाबून भरावा. मजबुतीसाठी कुणी मूठभर सिमेंट टाकू म्हणाले तर टाकू देऊ नये, पुन्हा तोच घोळ होतो. वर ओली गोणपाटे किमान आठवडाभर. ठेकेदार टाळतात ते हेच, कारण त्याचे वेगळे बिल निघत नाही. काम दिवाळीनंतर काढावे. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात चुना धरायच्या आतच सुकतो आणि नखाने खरवडला तरी भुगा पडतो.

आपले,
जुन्या दगडी बांधकामाची दुरुस्ती करणारे काही कारागीर, सोलापूर